क्रिकेट आत, कबड्डी बाहेर: ऑलिंपिकमधले खेळ ठरवतं तरी कोण?

१६ ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईत, बीकेसीतल्या जिओ वर्ल्ड सेंटरमध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात लॉस एंजेलिस २०२८ साठी पाच खेळांवर शिक्कामोर्तब झालं. क्रिकेट, स्क्वॉश, बेसबॉल-सॉफ्टबॉल, लॅक्रॉस (जाळीच्या काठीने चेंडू झेलत-फेकत खेळायचा खेळ) आणि फ्लॅग फुटबॉल (अमेरिकन फुटबॉलचं धडकाधडकी नसलेलं रूप). त्याआधीचं ऑलिंपिकमधलं क्रिकेट म्हणजे १९०० साली पॅरिसमध्ये, सायकल शर्यतीच्या मैदानावर झालेला एकुलता एक सामना. ब्रिटन विरुद्ध फ्रान्स, आणि फ्रान्सच्या संघातही बहुतेक पॅरिसमध्ये राहणारे इंग्रजच. तेवढ्या भांडवलावर क्रिकेट १२८ वर्षांनी परत येतंय.

तेव्हापासून चहाच्या टपरीपासून फॅमिली ग्रुपपर्यंत एक प्रश्न फिरतोय. मोजके देश खेळतात ते क्रिकेट चालतं, मग कबड्डी का नाही? त्यातच राष्ट्रकुल स्पर्धेतून आधी नेमबाजी गेली, मग २०२६ च्या ग्लासगोसाठी कुस्ती, बॅडमिंटन, हॉकी सगळंच गेलं. लोकांचा समज असा की कुठेतरी एक समिती बसते आणि चांगले खेळ घेते, वाईट काढते. तसं काही नाही. खेळ चांगला की वाईट हा प्रश्न त्या टेबलावर जवळजवळ येतच नाही. तिथे येणारे प्रश्न वेगळे आहेत आणि ते बरेच रुक्ष आहेत.

## तीन स्पर्धा, तीन मालक

ऑलिंपिक, एशियाड आणि राष्ट्रकुल या तिन्हींचे कर्ताधर्ता वेगवेगळे. ऑलिंपिकची मालकी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीकडे, म्हणजे आयओसीकडे; तिचं मुख्यालय स्वित्झर्लंडमध्ये लोझानला. एशियाडचा कारभार आशियाई ऑलिंपिक परिषद पाहते. राष्ट्रकुल स्पर्धेची संघटना आणखी वेगळी. प्रत्येकीची नियमावली स्वतंत्र आणि अडचणीही स्वतंत्र. म्हणून कबड्डी १९९० पासून एशियाडमध्ये पदकाचा खेळ असते आणि ऑलिंपिकच्या दारातही नसते, यात विसंगती काही नाही. एका ठिकाणचा प्रवेश दुसरीकडे चालत नाही.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच. 'खेळ' आणि 'पदकाचा प्रकार' यांत फरक आहे. कुस्ती हा एक खेळ, पण फ्रीस्टाइल ५७ किलो, फ्रीस्टाइल ६५ किलो हे प्रत्येकी एक पदकाचे प्रकार. पॅरिसला असे ३२९ प्रकार होते, लॉस एंजेलिसला ३५१ असतील. नवा खेळ आत घेणं फार अवघड. आत असलेल्या खेळात एखादा प्रकार वाढवणं किंवा कापणं त्या मानाने सोपं, आणि बरीचशी ओढाताण तिथेच चालते. बातम्यांमध्ये ती येत नाही इतकंच.

## आधी ताटं मोजतात

लग्नाचा हॉल ठरला की केटरर पहिला प्रश्न विचारतो, ताटं किती? यादी कितीही लांबवली तरी ताटं तेवढीच. घरच्या माणसांना वगळता येत नाही, म्हणून ओढाताण होते ती उरलेल्या जागांवर. ऑलिंपिकचं गणित नेमकं हेच आहे. त्यांची ताटं १०,५००, म्हणजे नियमित खेळांमधले खेळाडू एवढेच. लॉस एंजेलिसने मागितलेल्या पाच जादा खेळांसाठी ६९८ जागा वेगळ्या दिल्या आहेत. या जागांना 'कोटा' म्हणतात.

मर्यादा घालायचं कारण सरळ आहे. प्रत्येक खेळाडूमागे प्रशिक्षक, डॉक्टर, पंच, स्वयंसेवक येतात. क्रीडाग्रामात खोली लागते, बस लागते, सुरक्षा लागते. स्पर्धा फुगत गेली तशी यजमानपद मागणारी शहरं कमी होत गेली. २०२४ आणि २०२८ या दोन्ही स्पर्धा २०१७ मध्ये एकाच फटक्यात पॅरिस आणि लॉस एंजेलिसला वाटून टाकल्या गेल्या, कारण शर्यतीत तीच दोन शहरं उरली होती.

आता सांघिक खेळांचं बघा. क्रिकेटचे पुरुषांचे सहा संघ आणि महिलांचे सहा, प्रत्येकी १५ खेळाडू. झाले १८०. पदकं मात्र दोनच प्रकारांत. कबड्डीचा हिशोब करू. आठ-आठ संघ आणि एशियाडप्रमाणे संघात बारा जण धरले तर १९२ जागा, पदकांचे प्रकार पुन्हा दोनच. तेवढ्या जागांत कुस्तीचे कितीतरी वजनगट बसतात. सगळीकडे आखूड रूपं का दिसतात, त्याचं उत्तर यात आहे. रग्बी आली ती पंधराची नाही, सात जणांची. लॅक्रॉस सहा जणांचं. बास्केटबॉलचा नवा प्रकार तीनास तीन. क्रिकेट टी-२०, आणि संघ फक्त सहा. पन्नास षटकांचं क्रिकेट मागितलं असतं तर चर्चा पहिल्याच बैठकीत संपली असती.

जाता जाता, सहा संघांत वेस्ट इंडिज कुठे? कुठेच नाही. ऑलिंपिकमध्ये राष्ट्रीय ऑलिंपिक समित्या उतरतात आणि वेस्ट इंडिज नावाची अशी समिती नाही. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुलमध्ये महिला क्रिकेट होतं, तिथे वेस्ट इंडिजच्या ऐवजी बार्बाडोस खेळलं होतं.

## दारावरची तपासणी

ताटं आहेत असं धरलं तरी थेट आत जाता येत नाही. खेळाची एक जागतिक संघटना असावी लागते. एकच, आणि तिला आयओसीची मान्यता हवी. या संघटनेला आपण महासंघ म्हणू. तिने जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची, म्हणजे 'वाडा'ची नियमावली पाळली पाहिजे. नियमपुस्तक एक हवं, महिला आणि पुरुष दोघांच्या स्पर्धा हव्यात, आणि खेळाचा पसारा अनेक खंडांवर हवा. पूर्वी ऑलिंपिकच्या सनदेत, म्हणजे मूळ नियमावलीत, आकडेच होते. उन्हाळी ऑलिंपिकसाठी पुरुषांमध्ये किमान ७५ देश आणि चार खंड, महिलांमध्ये ४० देश आणि तीन खंड. आता ती आकड्यांची अट तशी राहिलेली नाही, पण विचारणा त्याच दिशेने होते.

क्रिकेटचंही घोडं इथे बरीच वर्षं अडलं होतं, आणि अडवणारे बाहेरचे नव्हते. भारतीय क्रिकेट मंडळ देशाच्या 'नाडा'कडून, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडून चाचण्या करून घ्यायला तयार नव्हतं. ऑगस्ट २०१९ मध्ये मंडळ राजी झालं. मग ऑगस्ट २०२१ मध्ये आयसीसीने ऑलिंपिकसाठी प्रयत्न करत असल्याचं जाहीर केलं आणि दोनच वर्षांत काम झालं. क्रिकेटला कुणी उपकार म्हणून आत घेतलं नाही हे खरं, पण कागद पूर्ण केल्याशिवाय क्रिकेटलाही घेतलं नसतं.

कबड्डी याच टप्प्यावर अडते. आंतरराष्ट्रीय कबड्डी महासंघ आयओसीच्या मान्यताप्राप्त यादीत नाही. यादीत नसलेल्या महासंघाचा खेळ ऑलिंपिकला घ्या म्हणणं म्हणजे अर्ज न भरता निकालाची वाट पाहणं. दोष फक्त आंतरराष्ट्रीय संघटनेचाही नाही. आपला राष्ट्रीय कबड्डी महासंघ २०१८ पासून कोर्टाने नेमलेल्या प्रशासकाच्या ताब्यात होता, त्यामुळे आंतरराष्ट्रीय संघटनेने त्याला निलंबित केलं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडून आलेल्या मंडळींकडे कारभार सोपवायला सांगितलं तेव्हा कुठे आपल्या खेळाडूंचा आशियाई कबड्डी अजिंक्यपद स्पर्धेला जाण्याचा मार्ग मोकळा झाला. ज्या देशाने हा खेळ जगाला दिला त्याच्या घरातली ही स्थिती.

नियमपुस्तकाचं म्हणाल तर हांगझोऊ एशियाडमधली पुरुषांची अंतिम लढत आठवा. भारत विरुद्ध इराण, २८-२८ अशी बरोबरी, सामना संपायला थोडाच वेळ. पवन सेहरावत चढाईला गेला, कुणालाही स्पर्श न होता लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्ट्यात गेला आणि त्याच्या मागोमाग इराणचे बचावपटूही लॉबीत उतरले. आता गुण कुणाला? एक नियम म्हणतो फक्त चढाईपटू बाद. दुसऱ्या नियमानुसार मागे आलेले बचावपटूही बाद. पंचांनी निर्णय दिला, बदलला, पुन्हा बदलला. खेळाडू मॅटवर बसून राहिले, सामना जवळपास तासभर थांबला. शेवटी भारत ३३-२९ असा जिंकला आणि आपण फटाके वाजवले. पण एशियाडच्या अंतिम फेरीत 'नियम कोणता' यावर वाद होतो हे पाहणाऱ्या परक्या पदाधिकाऱ्याने काय नोंद केली असेल, याची कल्पना करायला फार डोकं लागत नाही.

## यजमानाचे पाहुणे

डिसेंबर २०१४ मध्ये मोनॅकोला आयओसीने एक खिडकी उघडली. यजमान शहराला आपल्या पसंतीचे जादा खेळ सुचवता येतील, असं ठरलं. मात्र ही परवानगी त्या एका स्पर्धेपुरती. पुढच्या यजमानाने बोलावलं तर याल, नाहीतर नाही.

टोकियोने कराटे, बेसबॉल-सॉफ्टबॉल, स्केटबोर्डिंग, सर्फिंग आणि क्लाइंबिंग असे पाच खेळ मागितले. पॅरिसने त्यातलं कराटे आणि बेसबॉल सोडून दिलं आणि ब्रेकिंग, म्हणजे ब्रेकडान्स, आणलं. लॉस एंजेलिसने ब्रेकिंग मागितलं नाही. पॅरिसमध्ये ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धक बाईंची जगभर टिंगल झाली म्हणून ब्रेकिंग हद्दपार झालं, असं अजूनही ठासून सांगितलं जातं. ते खोटं आहे. लॉस एंजेलिसची यादी पॅरिसच्या आधी दहा महिने, त्याच मुंबईच्या अधिवेशनात मंजूर झाली होती.

उलट स्केटबोर्डिंग, सर्फिंग आणि क्लाइंबिंग पाहुणे म्हणून आले आणि लॉस एंजेलिसच्या मूळ यादीत जाऊन बसले. तरुण प्रेक्षक, कमी खेळाडू, उभारायला सोपी मैदानं. आयओसीला हवं ते सगळं त्यांच्याकडे होतं.

लॉस एंजेलिसच्या विचारात नऊ खेळ होते. वर सांगितलेले पाच, शिवाय ब्रेकिंग, कराटे, किकबॉक्सिंग आणि मोटरस्पोर्ट. क्रिकेटची बाजू मांडताना तिथले क्रीडा संचालक निकोलो काम्प्रियानी यांनी मुंबईत विराट कोहलीच्या सोशल मीडियावरच्या फॉलोअर्सचा दाखला दिला. काम्प्रियानी स्वतः नेमबाजीतले इटलीचे ऑलिंपिक विजेते; त्यांच्या तोंडी कोहलीचं नाव येणं हे प्रकरण कुठल्या दिशेने चाललंय ते सांगून गेलं.

## म्हणजे सगळा पैशाचाच खेळ?

बराचसा, हो. २०१७ ते २०२१ या काळात आयओसीला ७६० कोटी डॉलर मिळाले आणि त्यातले ६१ टक्के प्रक्षेपणाच्या हक्कांतून आले. भारतीय उपखंडात ऑलिंपिक दर चार वर्षांनी पंधरा दिवस, तेही नीरज चोप्राच्या दिवशी, बघितलं जातं. क्रिकेट आलं की त्या हक्कांची किंमत वाढणार हे वेगळं सांगायला नको. फ्लॅग फुटबॉलच्या मागे एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची अब्जावधींची व्यावसायिक लीग, उभी आहे.

पण निव्वळ पैशाने सगळं ठरत असतं तर बेसबॉल २००५ मध्ये सिंगापूरच्या मतदानात बाहेर गेलाच नसता. पैसा भरपूर होता. अडचण ही की अमेरिकेतली मोठी व्यावसायिक लीग ऐन मोसमात आपले तारे ऑलिंपिकला सोडत नव्हती आणि तिथले उत्तेजक चाचणीचे नियमही ढिले होते. दुसरीकडे स्क्वॉश. २०१२, २०१६, २०२० असं तीनदा रांगेत उभं राहून स्क्वॉश हात हलवत परतलं. खेळ जागतिक, प्रामाणिक, महिला-पुरुष बरोबरीने. पण कुणाच्या तरी तातडीच्या गरजेचा नाही. शेवटी लॉस एंजेलिसने बोलावलं, तेही क्रिकेटच्याच यादीतून. म्हणून मी म्हणेन, पैसा दार ढकलतो, पण कुलूप महासंघाच्या कारभाराचं असतं, आणि ते आतून उघडावं लागतं.

## आत असलेल्यांना कुणी हलवत का नाही?

हा आक्षेप रास्त आहे. आधुनिक पेंटॅथलॉन आपल्या ओळखीतलं कोण खेळतं? तलवारबाजी, पोहणं, नेमबाजी, धावणं आणि घोडेस्वारी अशी ही पंचरंगी स्पर्धा १९१२ पासून आहे, आणि ती ऑलिंपिकचे संस्थापक कुबर्तँ यांच्या डोक्यातून निघालेली. टोकियोत एका घोड्याने उडी मारायला नकार दिला, स्वार रडू लागली, प्रशिक्षक बाईंनी घोड्याला ठोसा लगावला, आणि हे सगळं जगाने पाहिलं. महासंघाने घोडा काढून त्या जागी अडथळ्यांची शर्यत आणली आणि जागा वाचवली. आत असलेल्याला सुधारायला वेळ मिळतो, बाहेरच्याला तो मिळत नाही. हे अन्यायाचं आहे, पण कुठल्याही संस्थेत तसंच चालतं.

मात्र 'हलवत नाहीत' हेही पूर्ण खरं नाही. १२ फेब्रुवारी २०१३ रोजी लोझानला आयओसीच्या कार्यकारी मंडळाने गुप्त मतदानाने कुस्तीला २०२० च्या मूळ यादीतून काढायची शिफारस केली. शेवटच्या फेरीत कुस्तीच्या विरोधात आठ मतं पडली; पेंटॅथलॉन आणि हॉकीला प्रत्येकी तीन. होय, हॉकीही त्या दिवशी काठावर होती. प्राचीन ग्रीसपासून चालत आलेला, पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये असलेला खेळ. ज्या खेळाने १९५२ मध्ये हेलसिंकीला कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांच्या गळ्यात स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घातलं, तो खेळ. कोल्हापूरच्या तालमींत त्या दिवशी लोक काय बोलले असतील ते छापण्याजोगं नसणार.

पण आयओसीचं म्हणणं नीट ऐकलं तर त्यात तथ्य होतं. कुस्तीचे नियम प्रेक्षकाला कळत नव्हते. दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीचा वेगळा निकाल, बरोबरी झाली की पिशवीतून चेंडू काढून कुणी कुणाला पकडायचं ते ठरवायचं! महिलांचे वजनगट चार, पुरुषांचे दोन्ही प्रकार मिळून चौदा. महासंघाच्या निर्णयप्रक्रियेत खेळाडूंना स्थान नाही.

मग जे झालं ते पाहण्यासारखं आहे. अध्यक्ष काही दिवसांत पायउतार झाले, सर्बियाचे नेनाद लालोविच आले. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि गुणांची सरळ बेरीज असा नियम झाला. रिओसाठी महिलांचे वजनगट सहा केले आणि पुरुषांच्या दोन्ही प्रकारांचेही सहा-सहाच ठेवले. मे २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या दालनात मॅट टाकून अमेरिका, इराण आणि रशियाचे मल्ल लढले. राजकारणात एकमेकांचं तोंड न पाहणारे देश कुस्तीसाठी एका रांगेत उभे राहिले. सप्टेंबरमध्ये ब्यूनोस आयर्सला मतदान झालं तेव्हा कुस्तीला ४९, बेसबॉल-सॉफ्टबॉलला २४ आणि स्क्वॉशला २२ मतं मिळाली. सात महिन्यांत गेलेली जागा परत. बॉक्सिंगलाही पुढे असाच झटका बसला. तिथे जुन्या महासंघाचीच मान्यता २०२३ मध्ये रद्द झाली. नवा महासंघ उभा राहून २०२५ मध्ये त्याला तात्पुरती मान्यता मिळाली तेव्हाच लॉस एंजेलिसमधलं बॉक्सिंग पक्कं झालं.

## एशियाड इतकं मोकळं कसं?

कारण तिथे यजमानाचा हात सैल आहे आणि आशियातल्या वेगवेगळ्या भागांचे खेळ घ्यायची पद्धत आहे. मध्य आशियाचा कुराश, आग्नेय आशियाचा सेपाक टकरॉ, दक्षिण आशियाची कबड्डी. हांगझोऊला तब्बल ४० खेळ आणि ४८१ प्रकार होते. कबड्डीची वाटही अशीच तयार झाली: १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये प्रात्यक्षिक खेळ, १९९० च्या बीजिंगला पदकाचा, २०१० च्या ग्वांगझोऊला महिलांची भर.

मोकळीक मिळाली की यजमान ती वापरतोच. २०१८ मध्ये जकार्ताने त्यांचा पेंचाक सिलाट हा युद्धकलेचा खेळ १६ प्रकारांसह घेतला. इंडोनेशियाने त्यातली १४ सुवर्णपदकं जिंकली. आधीच्या इंचॉन एशियाडमध्ये सगळे खेळ मिळून त्यांची सुवर्णपदकं होती चार. जकार्तात ती ३१ झाली. यावर हसायचं असेल तर हसावं, पण आपणही यजमान झालो तर हेच करू, आणि आपल्याला त्यात गैर वाटणार नाही.

## राष्ट्रकुलमध्ये आपल्यावर डाव साधला गेला का?

२०२२ च्या बर्मिंगहॅममधून नेमबाजी वगळली तेव्हा भारतात बहिष्काराची भाषा झाली होती. चीड समजण्यासारखी. २०१८ च्या गोल्ड कोस्टला भारताच्या ६६ पदकांपैकी १६ एकट्या नेमबाजीची होती. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत या कोल्हापूरच्या मुलींची सुवर्णपदकं राष्ट्रकुलमधलीच. पण राष्ट्रकुलच्या नियमात नेमबाजी ऐच्छिक खेळ होती, यजमानाने नको म्हटलं तर ती जाते. कटापेक्षा खर्चाचा हिशोब तिथे मोठा होता.

ग्लासगोचं तर पूर्णच वेगळं. २०२६ ची स्पर्धा मुळात ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याची. जुलै २०२३ मध्ये खर्च परवडत नाही म्हणून त्या सरकारने हात वर केले. ग्लासगोने स्पर्धा घेतली ती अटीवर: खेळ फक्त दहा, मैदानं चार, तीही सगळी तेरा-एक किलोमीटरच्या पट्ट्यात. कुस्ती, हॉकी, बॅडमिंटन, टेबल टेनिस, स्क्वॉश, क्रिकेट सगळं बाहेर. बर्मिंगहॅमला भारताच्या ६१ पदकांपैकी ३० याच खेळांतली होती. निम्मं ताट रिकामं झालं, पण पर्याय होता तो स्पर्धाच न होण्याचा.

आता २०३० ची स्पर्धा अहमदाबादला आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये यजमानपद मिळालं तेव्हा १५ ते १७ खेळ होतील आणि यजमानाला जास्तीत जास्त दोन नवे किंवा पारंपरिक खेळ सुचवता येतील, असं सांगण्यात आलं. नेमबाजी, कुस्ती, तिरंदाजी यांच्यासाठी दार पुन्हा उघडलं. बाकीच्यांच्या लक्षात एव्हाना आलंच असेल की यजमान झालं की आपलं चालतं.

## मग कबड्डीचं काय होणार?

२०३६ च्या ऑलिंपिकसाठी भारताने २०२४ मध्ये इरादापत्र दिलं आहे. यजमान निवडीची पद्धतच आयओसीने २०२५ मध्ये फेरविचारासाठी थांबवली, त्यामुळे निकाल कधी हे आत्ता सांगणं शक्य नाही. पण ऑलिंपिक मिळालं तर योग, खो-खो, कबड्डी, बुद्धिबळ यांची नावं पुढे येणार हे उघड आहे.

यजमान म्हणून कबड्डी आणणं हा सोपा मार्ग आहे आणि मला तो फारसा पसंत नाही. कराटेचं उदाहरण समोर आहे. जपानने बोलावलं, एकदा पदकं वाटली, पुढच्या दोन्ही यजमानांनी घेतलं नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ दाखवले होते. शंभर वर्षांनी आपण पुन्हा एकदा पाहुणा खेळ म्हणूनच कबड्डी दाखवणार असू, तर मधल्या काळात केलं काय?

काहींचा युक्तिवाद असतो की कबड्डीत भारतच जिंकतो म्हणून जग घेत नाही. तसं नाही. २०१८ मध्ये जकार्तात इराणने पुरुष आणि महिला अशी दोन्ही सुवर्णपदकं नेली. भारताच्या पुरुषांना कांस्यावर समाधान मानावं लागलं. हांगझोऊला महिलांची अंतिम लढत चायनीज तैपेईविरुद्ध २६-२५ अशी एका गुणावर सुटली. चुरस आहे, वेग आहे, मॅट टाकायला बंदिस्त सभागृह पुरतं. टीव्हीवर कसं दाखवायचं ते प्रो कबड्डीने शिकवून ठेवलंय. खो-खोनेही जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक भरवला. प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे या महाराष्ट्राच्या कर्णधारांनी दोन्ही चषक जिंकले, आणि दोन्ही अंतिम लढती नेपाळविरुद्ध झाल्या. खेळ म्हणून कमी काही नाही.

कमी आहे ते कार्यालयात. मार्च २०२५ मध्ये इंग्लंडच्या वेस्ट मिडलंड्स भागात कबड्डीचा विश्वचषक झाला, आशियाबाहेर पहिल्यांदाच. भारताच्या दोन्ही संघांनी अंतिम फेरीत इंग्लंडला हरवलं. आठ महिन्यांनी ढाक्यात महिलांचा विश्वचषक झाला, तोही भारतानेच जिंकला. या दोन स्पर्धा भरवणाऱ्या जागतिक संघटना एक नव्हेत, दोन वेगळ्या. दोघी स्वतःला कबड्डीची जागतिक संघटना म्हणवतात. लोझानच्या कार्यालयातून उद्या कुणी कबड्डीबद्दल चौकशीला फोन लावायचा म्हटला, तर तो या दोघींपैकी कुणाला लावायचा हेच अजून ठरलेलं नाही.